लाभ

किष्टय्या गुंडावार एकाला एक म्हणत नसे.
जवस मोजताना पहिली पायली, लाभ.
मग दोन, मग तीन.
घरात तेलुगू, ओट्यावर वऱ्हाडी,
पण लाभ दोन्हीकडे लाभच.

माझे वडील त्याचे दिवाणजी.
पाटणबोरीच्या दुकानात मिठाच्या पोत्यांपाशी बसून
टाकानं रोजमेळ लिहायचे.
तीस सालच्या वहीत, आषाढात,
त्यांचं अक्षर एका जागी अडखळलंय:
‘विलायती कापड, गठाणी अकरा. जाळल्या.’
जमेला काही नाही, नावे कुणाच्या तेही नाही.
जाळलेला माल कोणत्या खात्यात घालायचा
हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गठाणी तेरा होत्या.
दोन सरकीच्या ढिगाखाली.
वडिलांना ठाऊक, अंकूबाईला ठाऊक,
आणि सरकीवर झोपणाऱ्या मांजरीला.
त्या दोहोंवर त्या वर्षी दुकान चाललं,
प्रभातफेरीतल्या पोरांचा गुळाचा चहाही.

श्रावणात तो राखीव जंगलात गवत कापायला गेला.
उभ्या जन्मात विळा धरलेला नाही.
पहिल्याच पेंढीला अंगठा फाडून घेतला.
शिपाई म्हणाला, ‘काहून आले जी शेट तुम्ही?’
आणि बेडीच्या आधी चिंधी बांधली.

अकोल्याच्या जेलात त्याला कोठीवर बसवलं.
पीठ मोजायचं, बराकीप्रमाणे.
लाभ, दोन, तीन.
जेलर वैतागला: एक नंबरची बराक कुठं गेली?

सुटून आला तेव्हा शेटचा भाऊ झाला होता.
अंगठ्याचा व्रण सभेत आपोआप वर यायचा.
सदतीस साली निवडून नागपूरला गेला,
खादीचा कोट, कानात अत्तराचा फाया,
आणि पहिल्याच भाषणात म्हणाला,
बाजारातली मापं तपासायला माणूस नेमा,
व्यापारी लुटतात, मला माहीत आहे.
लोक हसले. त्याला वाटलं, टाळ्या.

माणूस नेमला गेला.
सायकलवरून आला, धुळीनं माखलेला,
आणि रस्त्यावरचं पहिलं दुकान गुंडावाराचं.
घ्यायची पायली वेगळी, द्यायची वेगळी;
द्यायचीच्या बुडाशी बोटभर मेण.
वडील उभे राहिले. काही बोलले नाहीत.
किष्टय्यानं स्वतः सुरी आणून मेण खरवडलं,
दंड भरला, रुपये पंचवीस,
आणि म्हणाला, ‘लिहा दिवाणजी.’
कोणत्या खाती?
बराच वेळ मेणाचा गोळा हातात फिरवत राहिला.
‘लाभ खाती.’

ते पान मी पाहिलंय.
शाई तिथं जरा जाड आहे.

बावन्न साली पुन्हा उभा राहिला.
अंकूबाईनं जन्मात पहिल्यांदा मत दिलं,
कुणाला, ते मरेस्तोवर सांगितलं नाही.
केळापूरला तहसिलीत मोजणी.
आमच्या गावची पेटी उपडी केली,
कारकुनानं पहिली चिठ्ठी उचलली, ‘एक.’
मागच्या बाकावरून, अगदी हळू,
‘लाभ.’
कारकून थांबला, चष्म्यावरून पाहिलं, पुढं मोजत गेला.
फार वेळ लागला नाही.

गठाणी आठवल्या लोकांना की मेण,
की नुसताच कंटाळा आला होता, कोण सांगणार.
परतीच्या मोटारीत वडिलांच्या शेजारी बसून
त्यानं फुटाणे खाल्ले, पुडीचा कागद वाचला,
विचारलं, ‘तुरीचा भाव काय निघाला?’

सकाळी फळ्या त्यानंच काढल्या.
एक म्हातारी वाटीभर मीठ मागायला आली.
मिठाला माप कुठलं;
ओंजळ भरून घातली त्यानं, वर आणखी चिमूटभर,
आणि सवयीनं तोंड उघडलं मोजायला.